इंदोऱ्याच्या बॅटरीबाई

मला सुमनबाई गजभिये यांनी मदत केली. नागपुरात इंदोरा चौकाच्या आतल्या गल्लीत त्यांचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. नाव आधी लिहून टाकतो. तोंडी सांगायला बसलो की मी गाडीचं, पुलाचं, बाजाराचं सांगत सुटतो आणि नाव येईपर्यंत ऐकणारा उठून गेलेला असतो. लिहिताना तसं होऊ नये. शाळा सहावीत सुटली, त्यामुळे लिहिण्याचा सराव नाही. चुकलंमाकलं ते माझं, चांगलं वाटलं तर ते बाईंचं.

मी राधानगरीच्या पुढच्या डोंगरातला. लहानपणी तापात दोन्ही पाय गेले. पहिली शाळा घरामागेच होती, पुढची ओढ्यापलीकडं. वडील खांद्यावर बसवून न्यायचे. पुढं मीच जड झालो, ओढा तेवढाच राहिला. मग अपंगांच्या एका वसतिगृहानं नागपूरला नेलं, हातानं फिरवायची तीनचाकी दिली, आणि वयात आल्यावर कळमन्याच्या बाजारात एका धान्याच्या आडत्याकडं काट्यावर बसवलं. काम एकच. पोती काट्यावर चढली की वजन मोठ्यानं पुकारायचं. पाय नसले तरी आवाज दांडगा होता. सकाळी लिलावाची घंटा झाली की काट्यावर माणूस पाहिजे म्हणजे पाहिजे, नाहीतर शेतकरी, हमाल, व्यापारी सगळे खोळंबतात. शेठनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "देखो भाई, तुम्हारे पैर से मला मतलब नाही. घंटी के पहले आवाज पाहिजे."

घरी पत्रात मी लिहिलं होतं, नोकरी पक्की आहे. ती पक्की नव्हती. ती माझ्या दोन खांद्यांवर होती, आणि उजवा खांदा दगा द्यायला लागला होता.

बाईंनीच मला पहिल्यांदा हाक मारली. मी रोज सकाळी त्यांच्या दुकानासमोरून हात फिरवत जायचो. एक दिवस रस्त्यापलीकडून आवाज आला, "ओ तीनचाकी! थांब गा जरा!"

वळून बघतो तर लुगड्यावर पुरुषाचा खाकी शर्ट घातलेली, पन्नाशीची, उंच बाई. शर्टाला आणि लुगड्याला ॲसिडनं पडलेली इतकी बारीक भोकं की उन्हात उभ्या राहिल्या की सावलीत ठिपके दिसत. हातात ॲसिड तपासायची, रबरी फुगा लावलेली काचेची नळी.

"उजवा खांदा काहून पाडून राह्यला?"

"काही नाही बाई."

"काही नाही कसं? लय दिवसापासून पाहून राह्यली मी. आधी तू सरळ जात होता. आता गाडी डाव्या अंगाले ओढते आन तू मानेनं वाचवतं. दुखते ना?"

"व्हय."

"व्हय म्हंजे काय गा?"

"म्हणजे हो."

"मंग हाव म्हण. इथं व्हय चालत नाही." आणि स्वतःच मोठ्यानं हसल्या. "कोल्हापूर काय? मले वाटलंच. ये, पानी पे."

डॉक्टरनं जे तपासून सांगितलं होतं ते या बाईनं रस्त्याच्या पलीकडून सांगितलं. मी पाणी प्यायला गेलो आणि त्या दुकानाचाच झालो.

दुकान म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. एका अंगाला फळीवर बॅटऱ्यांची रांग चार्जिंगला लावलेली, प्रत्येकीच्या पोटात बुडबुड चाललेली. आत शिरलं की डोळे चुरचुरत. भिंतीला बुद्धाची तसबीर, तिच्याखाली खाण्याच्या सोड्याचा मोठा डबा. ॲसिड सांडलं की त्यावर सोडा. बाहेर जाताना हातालाही सोडा. सोड्यानं हात धुतल्याशिवाय दुकानात कुणालाही चहाचा कप मिळत नसे. एकदा एक ट्रकवाला म्हणाला, "बाई, मी तर कशालेच हात नाही लावला." बाई म्हणाल्या, "हातानं माझ्या दुकानातली हवा तं धरली ना? धू."

हा नियम कुठून आला ते कोपऱ्यातल्या खाटेवर बसलेलं असे. बाईंचे यजमान, नामदेवराव. आयुष्यभर बॅटऱ्यांच्या शिशाच्या प्लेटी ओतल्या, वितळलेल्या धातूनं जोडांना डाख दिले, त्याच हातांनी जेवले. शिसं अंगात भिनलं आणि दोन्ही पंजे मनगटातून लोंबकळायला लागले. सगळी विद्या डोक्यात आणि हात रिकामे. तेव्हा बाईंनी त्यांचा खाकी शर्ट चढवला आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगा, मी करतो." (तिकडच्या बायका 'मी करतो, मी येतो' असंच बोलतात. मला आधी चमत्कारिक वाटे, पुढं दुसरं काही बरोबर वाटेना.) ते सांगत गेले, त्या करत गेल्या. मी गेलो तोवर त्यांना सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते नुसतं "हं" म्हणत, आणि बाई अजूनही प्रत्येक बॅटरी गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी त्या "हं"साठी थांबत.

बाई साध्याभोळ्या अजिबात नव्हत्या. आपल्याला काय येतं हे त्यांना ठाऊक होतं आणि ते त्या चौकाला ऐकू जाईल असं सांगत. "नागपुरात बॅटरीची बाई एकच. दुसरी झाली तं मले सांगजो, मी पेढे घेऊन जाईन तिच्याकडे." गिऱ्हाइकाला नावानं कधी हाक नाही. ओ ट्रक, ओ जीप, ओ फटफटी. एकदा एक मोठे वकील जीप घेऊन आले, त्यांनाही "बसा जीपसाहेब." ते बसले.

बुडबुडणाऱ्या रांगेसमोर त्या डोळे मिटून उभ्या राहत. मग म्हणत, "तिसरीतला चौथा सेल गप्प हाय." आम्हाला सगळीकडून सारखीच खदखद ऐकू यायची. त्या झाकण काढून दाखवत. बाकीच्या खणांत पाणी उसळतंय, त्या एकात शांत. आतल्या दोन प्लेटी एकमेकींना चिकटून तो खण मेलेला असे. मी कित्येकदा त्यांच्यासारखे डोळे मिटून बघितले. मला आपलं भात शिजल्यासारखं ऐकू यायचं आणि भूक लागायची.

पण हे सगळं पुढचं. बाईंचं पहिलं वाक्य कायम वेगळंच असे. बॅटरी घेऊन कुणी आलं की त्या तिला हात लावत नसत. विचारत, "रस्ता दाखव." म्हणजे ही गाडी सकाळपासून कुठं कुठं जाते, कुठं उभी राहते, कोण बसतं, ते सांगायचं. सांगून समाधान झालं नाही तर स्वतः निघत. खांद्यावर पिशवी, पायात रबरी चपला. गाडीबरोबर दिवसभर.

सिनेमाच्या जाहिराती पुकारणारा एक रिक्षावाला होता, भोंगेवाला. त्याची बॅटरी दुपारपर्यंत बसायची. मालक म्हणे बॅटरी खराब, भोंगेवाला म्हणे मशीन खराब. बाई त्याच्या रिक्षाच्या मागं मागं इतवारीभर चालल्या. संध्याकाळी येऊन मालकाला म्हणाल्या, "बॅटरी फसकिलास हाय. पोट्ट्याचं लग्न करून द्या."

"म्हंजे?"

"एका गल्लीत एका खिडकीसमोर हा अख्खा सिनेमा पुकारते. बाकी गल्लीत एकडाव, तिथं जीव जाईपर्यंत. खिडकी उघडली का मंग आवाज आणखी वाढवते. बॅटरी कशी पुरन बाप्पा?"

भोंगेवाला तिथंच उभा होता. लाल झाला. पुढं त्याचं लग्न त्याच खिडकीत झालं की दुसऱ्या, ते मला माहीत नाही. बॅटरी मात्र टिकायला लागली एवढं खरं.

आणखी एक सांगतो. रामटेककडचं एक कुटुंब नवी ऑटो घेऊन आलं. मुलगा, सून, म्हातारी आई. दसऱ्याला गाडीची पूजा झाली, आणि मुलानं विचार केला की बॅटरीत पाणी घालावंच लागतं, तर मग साधं कशाला, रामटेकहून आणलेलं तीर्थच घालू. सहाही खणांत भक्तिभावानं घातलं. दिवाळीनंतर बॅटरी मेली. म्हातारीनं एकच धोसरा धरला. देव कोपला, गाडी विकून टाका. मुलानं कर्ज काढून गाडी आणलेली, तो रडकुंडीला.

आम्ही दुकानातले दोघंतिघं हसायच्या बेतात होतो. बाईंनी आमच्याकडं असं बघितलं की आम्ही सोड्याच्या डब्याकडं बघायला लागलो. त्या म्हातारीशेजारी जमिनीवर बसल्या.

"माय, देव कायले कोपन वं? आंघोळीचं पानी येगळं, पेयाचं येगळं. तसंच बॅटरीचं येगळं. तुमच्या पोरानं तिले पंगतीत बसवली, पन तिले ते पचत नाही. बस, एवढंच."

म्हातारीचा जीव खाली पडला. मग हळूच म्हणाली, "पन ते तीर्थ हाय वं बाई आत. नालीत नोका फेकू."

बाईंनी लग्न झाल्या झाल्या बौद्ध दीक्षा घेतलेली. तीर्थ वगैरे त्या मानत नव्हत्या, आणि कुणी मानायला लावलं तर भांडत. पण त्या दिवशी त्यांनी ते पाणी चिनीमातीच्या भांड्यात काढलं, फेस थांबेपर्यंत सोडा घातला, मागच्या अंगणात स्वतः खड्डा खणला आणि म्हातारीच्या समोर ओतलं. सून म्हणाली, "त्या लिंबाच्या मुळाशी टाका ना." बाई म्हणाल्या, "झाडानं काय केलं? मरन ते." मग प्लेटी धुतल्या, नवं ॲसिड भरलं, रात्रभर चार्जिंग, नामदेवरावांचा "हं". त्यांनी कुणाची श्रद्धा मोडली नाही आणि कुणाला खोटंही सांगितलं नाही. हे कसं जमतं ते मला आजही नीट कळलेलं नाही.

तर माझी गाडी.

एक दिवस बाई टेबलावर जीपचा एक जुना डायनॅमो तपासत होत्या. डायनॅमो म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी भरणारं यंत्र. त्याला उलट बॅटरी जोडली की तो स्वतः गरगर फिरतो. चांगला आहे की नाही ते तसं बघतात. तो फिरत होता, मी चहा पीत होतो, उजव्या हातानं कप धरवत नव्हता म्हणून डाव्या. बाई डायनॅमोकडं बघत होत्या. मग माझ्या खांद्याकडं. मग पुन्हा डायनॅमोकडं.

"हा फुकट फिरून राह्यला," त्या म्हणाल्या. "आन तो मरून राह्यला."

नामदेवराव खाटेवरून म्हणाले, "हं." ते मोठं "हं" होतं.

शेजारच्या लेथवाल्यानं दात्यांची चाकं कापून दिली. सायकलच्या दोन साखळ्या, बसायच्या जागेखाली ट्रकची बॅटरी, मागच्या चाकाजवळ डायनॅमो. आणि माझ्या उजव्या हाताशी एक लाकडी पेटी. तिच्यात विजेच्या शेगडीच्या तारेची जाड गुंडाळी, वर पितळेची चार बटणं आणि त्यांच्यावर सरकणारा दांडा, जुन्या पंख्याच्या रेग्युलेटरसारखा. एक नंबरला गाडी हळूच उचलायची, चार नंबरला पूर्ण जोर. पहिल्यांदा दांडा सरकवला आणि हात न हलवता पुढं गेलो तेव्हा मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. गल्लीतली माणसं दारात आली होती. बाई कमरेवर हात ठेवून ओरडत होत्या, "पाहा गा पाहा! सुमनबाईची गाडी पाहा!"

पावसाळाभर गाडी चांगली चालली. खांद्याला विश्रांती मिळाली. मग हंगाम सुरू झाला, बाजारात माल वाढला, आणि त्याच वेळी गाडी दगा द्यायला लागली. सकाळी जाताना, रेल्वेच्या पुलाच्या चढावर, वर पोचता पोचता मरायची. एकदम. दांडा मागं घेऊन पुन्हा लावा, काही नाही. थोडा वेळ बसून राहिलं की आपोआप जिवंत. तोवर बाजारात घंटा झालेली.

बाईंनी दोन टोकांचा चिमटा प्रत्येक खणाला लावून काटा बघितला. "दुसरा सेल जरा नरम हाय," म्हणाल्या, आणि दुसरी बॅटरी बसवली. पुन्हा पुलावर मेली. मग डायनॅमो उघडला, आतले कार्बन बदलले, तांब्याचा भाग काचकागदानं लखलखीत केला. दुकानात जॅकवर चाकं उचलून चालवली, सुरेख फिरली. दुसऱ्या दिवशी पुलावर मेली.

त्या दिवशी शेठनी मला काट्यावर बसूच दिलं नाही. वजन दुसरा कुणी पुकारत होता, चुकत होता, पण वेळेवर आला होता. शेठ म्हणाले, "कल आखरी. घंटी के बाद आला तर येऊच नको, उधर से ही घर जा."

घर म्हणजे कुठलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मला होतं. वडिलांच्या खांद्यावर पुन्हा. ते आता म्हातारे झाले होते.

मी बाईंकडं आलो आणि सांगता सांगता रडलो. बाई एकदम चवताळल्या. "माह्या हातची गाडी हाय ते! नागपुरात दुसरी नाही! तिले काही झालं नाही!" पक्कड टेबलावर आपटली. खाटेवरून नामदेवराव, जे "हं"शिवाय बोलत नसत, हळू म्हणाले, "रस्ता पाह्यला काय?"

बाईंनी त्यांच्याकडं बघितलं. साऱ्या नागपूरच्या गाड्यांमागं चालणारी बाई, पण स्वतः बनवलेल्या गाडीचा रस्ता त्यांनी कधी बघितला नव्हता. आपल्या हातचं ते काय बघायचं?

"उद्या सकाळी मी येतो," त्या मला म्हणाल्या.

सकाळी माझ्याबरोबर निघाल्या. खाकी शर्ट, पिशवी, डावा हात माझ्या लाकडी पेटीवर टेकवलेला. "रोज जसा जात असशीन तसाच जा. मी हाय म्हनून शहाणपणा करू नको."

मी दांडा सरकवला. बाई बाजूनं झपाझप चालत होत्या. बाई गप्प आहेत हे बघून एक-दोन ओळखीचे लोक थांबले, "काय बाई, वरात कोनाची?" त्या चालतच राहिल्या. पूल आला. चढ लागला. गाडी कण्हायला लागली. मध्यावर बाईंनी पेटीवरचा हात झटकन उचलला, पुन्हा टेकवला, वाकून वास घेतला. डाख देताना लावतात त्या राळेचा वास होता, मलाही आला. आणखी थोडं वर गेलो, आणि मेली.

मागं ट्रक भोंगे वाजवत होते. मी घामानं भिजलो होतो. "बाई, घंटा होईल."

बाईंचं लक्ष डायनॅमोकडं नव्हतं, बॅटरीकडंही नव्हतं. त्या माझ्या हाताकडं बघत होत्या.

"दांडा कितीवर हाय?"

"दोनवर."

"रोज दोनवरच?"

"व्हय. हाव."

"सारा रस्ता?"

"सारा रस्ता."

"मंग मी तीन आन चार कायले देल्ले गा तुले?"

मी खालमानेनं सांगितलं. पूर्ण जोर लावला तर बॅटरी लवकर संपेल, मध्येच अडकेन. शिवाय वेगाची भीती. पायानं जमीन धरता येत नाही मला. म्हणून जपून, दोनवर. कधीच पुढं गेलो नव्हतो.

बाई पुलाच्या कठड्याशी मटकन बसल्या. मला वाटलं आता शिव्या. त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "अरे बाप्पा. तू वाचवून राह्यला, आन ते सारं शेगडीत जळून राह्यलं!"

मग भराभरा समजावलं, पक्कड काढत काढतच. ती तारेची गुंडाळी फक्त गाडी उठताना झटका बसू नये म्हणून. क्षणभर तिच्यातून जायचं आणि पुढं सरकायचं. मी तासभर तिच्यातच राहायचो. अर्धी बॅटरी चाकाला, अर्धी तार तापवायला. पावसाच्या गारव्यात निभावलं, पण ऊन तापल्यावर चढावर तार लाल होई, तिच्या टोकाचा कथलाचा डाख पातळ होऊन सुटे, गाडी बंद. गार झालं की तार पुन्हा बटणाला टेके, गाडी सुरू. दुकानात बाई कायम चारवर चालवून बघत, तिथं तार तापायचीच नाही.

"तुही भीती आन माहा डाख," त्या म्हणाल्या. "इथं बोल्ट माराले पाह्यजे होता मी. दोघं मिळून गाडी मारली आपुन."

तोवर पेटी उघडून त्यांनी ती तापलेली गुंडाळी लुगड्याच्या पदरानं धरून उपटून काढली होती. पदर जळल्याचा वास आला. जाड तांब्याची तार पिशवीतून काढून दोन टोकं सरळ जोडली.

"आता दोन नाही, तीन नाही. झटका बसन, सोस. हाय तं पूर्ण, नाही तं बंद. जा."

"बाई, उतार आहे पुढं."

"बिरेक हाय ना हाताशी? म्याच लावला तो. जा म्हनतो ना!"

गाडी उसळली. माथा ओलांडला. पुढं उतार, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा माणसांना, सायकलींना मागं टाकत गेलो. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येत होतं. भीती होतीच, ती कुठं जाते? पण हात सोडला नाही. मागून पुलावरून बाईंचा आवाज येत होता, माझ्यापेक्षा दांडगा, "दाबून धर! दाबून धर गा!" मग तोही ऐकू येईना.

बाजाराच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा घंटेवाला दोरीला हात घालत होता. हमालांनी मला उचलून काट्यावर ठेवलं. पहिलं पोतं चढलं. मी वजन पुकारलं. आवाज चिरकला, पण निघाला. शेठ दुपारी स्वतःच्या टेबलावरचा पंखा माझ्याकडं वळवून गेले.

संध्याकाळी दुकानात गेलो तर बाई चार-पाच गिऱ्हाइकांना सगळी हकिगत सांगत होत्या. मला वाटलं, आपल्या हुशारीची. तर नाही. "मी चुकली! सुमनबाई चुकली! आपलीच गाडी पाह्यली नाही, न डाख मारून बसली!" जितक्या जोरात त्या स्वतःची तारीफ करत तितक्याच जोरात चूक सांगत होत्या, आणि तशीच वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिल्या. माझ्या भीतीचा त्यात उल्लेख नसे. तेवढा भाग त्यांनी गाळून टाकला होता. हाताला पट्टी होती. विचारलं तर म्हणाल्या, "कायचं? सोडा लावला."

मी पुष्कळ माणसांखाली काम केलं. चूक लपवणारी बघितली, दुसऱ्यावर ढकलणारी बघितली, मान खाली घालून कबूल करणारीही बघितली. मान वर करून चूक सांगणारं माणूस ते एकच.

काही वर्षांनी शेठच्या नातेवाइकांनी सांगलीला हळदीची पेढी काढली. काट्यावर खात्रीचा आवाज पाहिजे होता. घर जवळ येत होतं, मी हो म्हटलं. नागपूर स्टेशनवर बाई आल्या होत्या. माझी गाडी सामानाच्या डब्यात नीट चढवली जाईना म्हणून हमालांशी भांडल्या; बॅटरी आडवी पडली तर ॲसिड सांडेल, म्हणून स्वतः आत चढून ती दोरीनं बांधली. मला खिडकीशी बसवलं. पिशवीतून सोड्याची पुडी काढून दिली, "सांगलीत मिळन तं मिळन, नाही तं?"

मला बरंच काही बोलायचं होतं. रात्रभर ठरवून आलो होतो. "बाई," मी सुरुवात केली.

तेवढ्यात फलाटावरून पार्सलं ओढणारी बॅटरीची गाडी गेली. मागं दोन डबे, वर टोपल्या, पुढं उभा राहून चालवणारा माणूस. बाईंचं डोकं एका बाजूला कललं. गाडीतून काहीतरी घरघरत होतं. मला नेहमीसारखं काहीच वेगळं ऐकू आलं नाही.

"एक मिनिट हं गा," बाई म्हणाल्या आणि तिच्या मागं निघाल्या. "ओ! ओ ठेला! थांब, कुठून आला तू? सकाळपासून कुठं कुठं गेला होता?"

शिट्टी झाली. आमची गाडी हलली. मी खिडकीतून मान काढून बघत राहिलो. फलाटाच्या पार टोकाशी, टोपल्यांच्या बाजूनं, खाकी शर्टातली ती उंच बाई झपाझप चालत होती, एक हात त्या ठेल्याच्या पत्र्यावर टेकवून. चालवणारा काहीतरी सांगत होता आणि ती ऐकत होती. तिनं वळून बघितलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट वाटलं, आत्ता कुणी तिला हाक मारू नये.

हळद भरायला येणाऱ्या नागपूरच्या एका ट्रकवाल्याकडून अधूनमधून कळतं. नामदेवराव गेले. बाई अजून दुकान चालवतात. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात साऱ्या शहराच्या बॅटऱ्या पाणी पिऊन कोरड्या पडतात, दुकानासमोर रांग लागते, आणि बाईंना दुपारी घटकाभर पाठ टेकायला मिळत नाही, असं तो म्हणाला. खणाखणांत पाणी भरणं, झाकणं लावणं, हे बसून करायचं काम आहे. ते मला येतं, त्यांनीच शिकवलं आहे.

बाई, या नाहीतर पुढच्या, एका मे महिन्यात मी येणार आहे. पेढीवरून रजा घेऊन, सगळा महिना. फळीसमोर मला बसवा आणि तुम्ही आत जाऊन झोपा. कुणी आलं तर मी त्याला रस्ता विचारीन. हे तुमचं मी फेडणार आहे.